सहदेवी, ओसाडी आणि सदोमंडी

पावसाळा ओसरूं लागला म्हणजे नवी मुंबईंत खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं, पारसिकच्या उतारावर, फार काय, वाशी-नेरूळच्या रिकाम्या भूखंडांवरही जांभळट फुलांचीं तीन लहान रोपें दिसूं लागतात. एकाचें नांव सहदेवी, दुसऱ्याचें ओसाडी, तिसऱ्याचें सदोमंडी. तिघीही सूर्यफुलाच्या कुळांतल्या. तापावरचें घरगुती औषध म्हणून सहदेवीची ख्याति जुनी. ती आणावयास गेलेला मनुष्य भलतेंच रोप उपटून आणण्याचा संभव मोठा. त्यांत पुन्हा कित्येक ठिकाणीं ओसाडीलाही सहदेवीच म्हणतात. तेव्हां नुसतें नांव विचारून भागत नाहीं, रोपालाच विचारावें लागतें.

या कुळांत लोक ज्यास एक फूल म्हणतात, तें वस्तुतः पुष्कळ इवल्या फुलांचा गेंद असतो व त्याच्या बुडाशीं हिरव्या छदांची वाटी असते. म्हणून पाकळ्या मोजीत बसणें व्यर्थ. पानें, वाटी आणि बीं यांची जबानी घ्यावी.

ओसाडीचीं पानें समोरासमोर, जोडीजोडीनें येतात. तीं रुंद, केसाळ व कांठाशीं दातेरी असून चुरगाळतांच त्यांचा उग्र दर्प बोटांना लागतो. सहदेवीचीं पानें एकाआड एक असतात आणि त्यांना तसा दर्प नसतो. सदोमंडीचीं पानेंही एकाआड एकच. परंतु वरचीं पानें देंठावांचून, जणूं दोन कानांनीं खोडाला कवटाळून बसतात. येथवर निम्म्याहून अधिक काम झालें. उरलेली शंका वाटी फेडते. सदोमंडीची वाटी सुरईसारखी लांबट, छदांच्या एकाच ओळीची. सहदेवीची लहान, आणि तिचे छद कौलांसारखे एकावर एक चढलेले. या दोघींच्या पिकल्या बियांना पांढऱ्या मऊ केसांचा झुपका येतो व त्या म्हातारीप्रमाणें वाऱ्यावर जातात. ओसाडीच्या काळ्या बियांवर पांच खवल्यांचा मुकुट असतो. तो पाहण्यास मात्र भिंग हवें.

लिनियसनें १७५३ सालीं तिघींचीही नोंद केली. सहदेवीस त्यानें कोनायझा या प्रजातींत घातलें आणि ओसाडीस ‘कोनायझासारखी’ अशा अर्थाचें विशेषण दिलें. सहदेवीची पुढें व्हर्नोनिया झाली, आणि १९९० सालीं सायंथिलियम. विद्वानांचें हें बारसें कांहीं संपत नाहीं.

ही चौकशी केवळ हौसेची नव्हे. ओसाडींत पायरोलिझिडिन वर्गाचीं द्रव्यें आहेत व तीं यकृतास अपाय करतात. इथिओपियाच्या तिग्राय प्रांतांत चालू शतकाच्या आरंभीं जो यकृतरोग उद्भवला, त्याचा संबंध धान्यांत मिसळलेल्या ओसाडीच्या बियांशीं जोडला गेला. सदोमंडींतही त्याच वर्गाचीं द्रव्यें सांपडलीं आहेत, आणि तरीही कित्येक देशांत तिची भाजी खातात! तेव्हां सहदेवी म्हणून मिळालेल्या पाल्याचा काढा मुलास पाजण्यापूर्वीं पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक, एवढें तरी घरच्या माणसांनीं पाहावें. सुटा पाला घेऊंच नये. पानें खोडावरून उतरलीं कीं मुख्य साक्षीदारच गेला.

माक्याचीही तीच गोष्ट. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत तो लागतो, केशतेलांतही लागतो, आणि त्याच्या नांवावर एकदांडी खपून जाऊं शकते. माक्याचा गेंद सगळा पांढरा. पान तळहातावर चोळलें तर जरा वेळानें काळसर डाग उमटतो. एकदांडीचा गेंद लांब उघड्या दांडीवर एकटा उभा असतो, मधें पिवळा व कडेला पांढरट. ती मूळची अमेरिकेची. रस्त्यांच्या दुभाजकांवर मुद्दाम लावलेला पिवळ्या फुलांचा, तीन खांचांच्या पानांचा जमिनीवर पसरणारा वेलही तिकडचाच. त्याला पिवळा माका समजून घरीं आणूं नये. खऱ्या पिवळ्या माक्याचें पान लांबट असतें, त्याला तशा खांचा नसतात.