मुलाची पोचपावती



पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘बालकल्याण आणि शासकीय विभागांचा समन्वय’ असं छापलं आहे. एवढ्या मोठ्या नावाखाली मला एकच गोष्ट सांगायची आहे, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. समन्वय झाला की नाही हे बैठकीचं इतिवृत्त वाचून कळत नाही, ते पावती पाहून कळतं. एका कार्यालयानं मूल दुसऱ्या कार्यालयाकडे सोपवलं आणि त्या दुसऱ्यानं ‘मिळालं’ म्हणून सही केली, तर समन्वय झाला. सही नसेल तर ते मूल अजून वाटेत आहे, आणि वाटेतल्या मुलाला आपल्या राज्यात वाली नाही. गेली कित्येक वर्षं मी याच निष्कर्षावर पुन्हा पुन्हा येतो आहे.

अंगणवाडी काय करते, आशाताई कोण, हे या सभागृहाला सांगायला नको. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातला पहिलाच शब्द होता ‘एकात्मिक’. तिच्यात सहा सेवा ठरल्या. पूरक आहार, शाळेआधीचं शिक्षण आणि आईला पोषण-आरोग्याची माहिती या तीन अंगणवाडीच्या हातातल्या. लसीकरण, आरोग्य तपासणी आणि आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं या तीन आरोग्य खात्याच्या. म्हणजे योजना जन्मली तीच अर्ध्या अंगानं दुसऱ्या खात्यावर टेकून. आज या अंगणवाड्यांचं आयुक्तालय नवी मुंबईत आहे. त्याच महिला व बालविकास विभागाचं, बालगृहं आणि बालसंरक्षण पाहणारं, दुसरं आयुक्तालय पुण्यात आहे. आश्रमशाळांचा कारभार नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांकडे आणि प्राथमिक शाळांचा शिक्षण खात्याकडे. एका घरात तान्हं बाळ, सहा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी असेल, तर त्या एका उंबरठ्यावर चार-पाच खाती येऊन उभी राहतात. प्रत्येक खातं आपलं वयोगटाचं माप घेऊन येतं आणि त्या मापात बसेल तेवढंच घर पाहतं.

हे घर जागच्या जागी असेल तर कसंबसं निभतं. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि शिक्षक एकमेकांना ओळखत असतात, आणि कागदावरची भेग माणुसकीनं बुजवतात. खरी परीक्षा होते ती घर उठून चालू लागलं की. आपल्या भागातला गाळप हंगाम नुकताच संपला आहे. बीड, पाथर्डी, जालन्याकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या परत गेल्या, शिवारातल्या कोप्या मोडल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन हे लोक निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. त्या हिशेबात मूल कुठेच नाही, तरी ते टायरगाडीवर बसलेलं असतं. गावात ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, म्हणून नोंदलेलं असेल, ग्राम बालविकास केंद्रात त्याचे उपचार चालू असतील. गाडी शिवाराबाहेर पडली की गावच्या नोंदीत ते ‘स्थलांतरित’ होतं. गावाच्या अंगणवाडीचं काम तिथे संपतं आणि फडाजवळच्या अंगणवाडीचं सुरू होत नाही, कारण तिला ते आल्याचं कुणी कळवलेलंच नसतं. मधले पाच-सहा महिने त्याचं वजन कुणाच्याही वहीत नाही.

याच कुटुंबातली मोठी मुलगी घ्या. शिक्षण खातं गावाकडे हंगामी वसतिगृह चालवतं. आई-वडील तोडीला गेले तरी मुलांनी मागे राहून शिकावं, ही कल्पना उत्तम आहे. पण आईनं पहाटे फडात उतरायचं असेल, तर कोपीवरच्या तान्ह्याजवळ कोण थांबणार? म्हणून मुलगीही सोबत निघते. तिला शाळेत ठेवायचं तर सगळ्यात आधी फडाशेजारी पाळणाघर हवं. पाळणाघर शिक्षण खात्याच्या कक्षेत येत नाही. महिला व बालविकास विभागाला ती टोळी आपल्या हद्दीत दिसत नाही. कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे, आमच्या हजेरीपटावर नाहीत. वसतिगृहातली खाट रिकामी राहते, आणि शिक्षण खात्याच्या अहवालात त्याचं कारण ‘पालकांची उदासीनता’ असं लिहिलं जाणं फार सोपं असतं. हे मला फार लागतं. त्या आईला उदासीन म्हणायला मी तयार नाही. एका खात्याचं यश दुसऱ्या खात्याच्या कामावर अवलंबून आहे, आणि ते दुसरं खातं त्यासाठी कुणालाच जबाबदार नाही, हे त्या रिकाम्या खाटेचं खरं कारण आहे.

आता उसाचा हिशेब पाहा. लागण झाली की कारखान्याच्या शेतकी विभागात नोंद होते: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख, जात को ८६०३२ की आणखी कोणती. त्या नोंदीवरून तोडीचा क्रम लागतो. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून गाडी रस्त्यात किती तास राहिली याचीही काळजी केली जाते. गाडी काट्यावर येते, भरलेली मोजतात, रिकामी मोजतात, वजा करून पावती देतात. (हशा) मागे शेतकरी मंडळी हसली. काटामारीबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते खरंही असेल. पण तक्रार करता येते ती पावती आहे म्हणूनच! एवढाच माझा मुद्दा आहे. एका खेपेच्या उसाला पाठवणारा आहे, घेणारा आहे, वजन आहे, तारीख आहे, सही आहे. तो ऊस तोडणाऱ्या बाईच्या दोन वर्षांच्या मुलाला यातलं काहीही नाही. नोंदी ठेवणं आपल्याला जमत नाही असं आता कुणी म्हणू नये. याच तालुक्यात याच माणसांनी ते करून दाखवलं आहे.

समोर बसलेल्या काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते आहे. मी तुमच्या कष्टांना नाव ठेवत नाही. उलट, प्रशासनानं मनावर घेतलं तर काय होतं याचा पुरावा तुमच्याच पिढीनं दिला आहे. २००५ साली औरंगाबादहून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. मुलांचं वजन नियमित घ्या, कुपोषण लपवू नका, आरोग्य आणि अंगणवाडी यांनी एकाच आकड्यावर बोला, हा त्याचा आग्रह होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली राज्यातली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ वर आलं. सगळं श्रेय मिशनचं, असं मी म्हणणार नाही. उत्पन्न वाढलं, मुलींचं शिक्षण वाढलं, त्याचाही वाटा आहे. पण २०१९-२१ च्या पाहणीत आकडा ३५.२ आहे. म्हणजे उतार थांबला. माझ्या मते याचं एक कारण असं की जागेवर असलेल्या मुलांपर्यंत आपण बऱ्यापैकी पोचलो, आणि आता उरली आहेत ती हद्दींच्या मध्ये पडणारी मुलं. त्यांच्यापर्यंत जुनी रीत पोचत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की सगळ्या मुलांसाठी एकच खातं करा, पावत्या कशाला? इंग्लंडचं एक उदाहरण सांगतो. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी पालनकर्त्यांच्या छळानं मेली. तिला देशात येऊन वर्षही झालं नव्हतं. त्या अवधीत स्थानिक समाजसेवा विभागांनी, पोलिसांनी, दोन रुग्णालयांनी तिला पाहिलं होतं. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालानं २००३ साली दाखवलं की तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या. तिला पाहणारे थोडे नव्हते. पण प्रत्येकाला वाटलं की आता ती दुसऱ्याच्या हाती सुरक्षित आहे. मग २००४ चा कायदा आला, शिक्षण आणि बालसेवा एका संचालकाखाली आल्या. तरीही २००७ साली, व्हिक्टोरिया राहत होती त्याच, लंडनच्या हॅरिंगे भागात, सेवांच्या नजरेखाली असलेला पीटर नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा तसाच मेला. खातं एक केलं तरी त्याच्या आत टेबलं उरतातच, आणि मूल टेबलांच्या मध्येही हरवतं. तिथे देशातल्या सगळ्या मुलांची संगणकीय नोंदही सुरू केली होती. खासगीपणावरच्या वादात ती २०१० साली बंद पडली.

त्यातूनच दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर मिळतं. आपल्याकडे पोषण ट्रॅकर आहे, स्थलांतरितांच्या नोंदीची संगणक प्रणाली आहे, मग नवं काय हवं, असं विचारतात. या प्रणालींचं मी स्वागत करतो. पण मूल निघालं ही नोंद म्हणजे ते पोचलं अशी नोंद नव्हे. मला मुलाची कुंडली साठवणारं भांडार नको. आईच्या हातात एक कागद हवा: वजन, राहिलेली लस, चालू उपचार, इयत्ता. शिक्षण खात्यानं शिक्षण हमी कार्ड काढून हे अंशतः केलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असं स्पष्ट आहे. म्हणजे घेणाऱ्यावर कर्तव्य टाकता येतं, हे कायद्यानं मान्य केलं आहे. ते तान्ह्या मुलालाही लागू करा. आणि अंगणवाडी सेविकेवर आणखी एक वही लादू नका, ती आधीच वाकली आहे. सही तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यानं द्यावी. पंधरा दिवसांत सही आली नाही तर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी कायम राहावी, म्हणजे तो फोन उचलून विचारेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. पालघरच्या वीटभट्ट्यांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. पण कारखान्याचा मुद्दा सोडवत नाही. साखर आयुक्तालयाकडून प्रत्येक कारखान्याला दर हंगामाआधी गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जाला मुकादमनिहाय टोळ्यांची आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी जोडायला लावा. यादीची प्रत तालुक्याच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि आरोग्य केंद्राकडे जाऊ द्या. मजूर कुणाचे हा वाद न्यायालयात चालू द्या, मुलं कुठे आहेत हे तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी कळेल. कारखान्याच्या संचालकांपैकी काही जण इथे आहेत. परवान्याची अट होण्याची वाट न पाहता, येत्या हंगामात मोळी टाकण्याआधी एका कारखान्यानं ही यादी करून पाहावी, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

श्रोत्यांकडून आलेली शेवटची चिठ्ठी: ‘कर्नाटकात जाणाऱ्या मुलांचं काय?’ प्रश्न अगदी योग्य आहे. रेशनकार्ड आता दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही चालतं, चिक्कोडीच्या बाजूला तोडीला गेलेलं कुटुंब तिथे धान्य उचलू शकतं. त्यासाठी दोन राज्यांच्या यंत्रणा एकमेकींची नोंद मानायला शिकल्या. तसंच मुलाच्या कागदाचं करावं लागेल. बीडचा जिल्हाधिकारी आणि बेळगावचा जिल्हाधिकारी यांनी हंगामाआधी एकदा बसून दोन्ही बाजूंच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर एकमेकांना द्यावेत. सुरुवात तिथून करता येईल.