शेताचें पुनरपि कुरण

गवत म्हटलें कीं आपणां शहरवासी मंडळींच्या मनांत खुरप्यानें काढून टाकावयाची एक क्षुद्र वस्तु उभी राहते. शेत पडीक टाकलें म्हणजे गवत आपोआप उगवतें, त्यासाठीं विद्या ती कसली, असेंहि कोणी विचारील. कोल्हापुरापासून फार दूर नसलेल्या चांदोलीच्या रानांत या समजुतीची परीक्षा कित्येक वर्षें चालू आहे.

वारणेच्या उगमाकडील हें रान १९८५ सालीं अभयारण्य व २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. २०१० पासून तें कोयनेच्या रानासह सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. त्या प्रकल्पाची मुख्य कचेरी आपल्याच शहरांत आहे. या रानांतील अनेक गांवें उठून खालीं वसलीं. मागें राहिलीं तीं भाताचीं खाचरें, नाचणी-वरीचे उतार आणि घरांचीं जोतीं. वाघास गवा-सांबर हवें आणि त्यांस चारा हवा. म्हणून या जुन्या शेतांचें कुरण राखणें अगत्याचें झालें.

अडचण अशी कीं, पिढ्यानुपिढ्या नांगर फिरलेल्या मातींत बहुवर्षायु गवतांचे ठोंब उरत नाहींत आणि त्यांचें बीं फार वर्षें जीव धरीत नाहीं. तणाचें बीं मात्र मुबलक! पहिल्या पावसांत टाकळा माजतो, पाठोपाठ रानमोडी व घाणेरी येतात. हीं दोन्ही झुडपें मूळचीं अमेरिकेंतलीं. गुरें त्यांस सहसा तोंड लावीत नाहींत. त्यांतून जें वाचतें, तें थोड्या वर्षांत कारवी आणि झाडोरा झांकून टाकतो. झाडें आलीं तर बिघडलें काय, असें आपणांस वाटेल. वनमहोत्सवाच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्या मनास झाड म्हणजे पुण्य आणि उघडा माळ म्हणजे ओसाडी! पण गवताच्या आश्रयानें जगणाऱ्या पशुपक्ष्यांनीं मग जावें कोठें?

मेळघाट व ताडोबा येथील उठलेल्या गांवांच्या शेतांवर असें काम झालें आहे. चिखलदऱ्याचे प्राध्यापक गजानन मुरतकर यांचें त्यास मार्गदर्शन लाभलें. तण फुलावर येण्यापूर्वींच मुळासकट उपटावयाचें, आणि तेंहि ओळीनें कांहीं वर्षें. जवळच्या जुन्या माळावरून शेडा, पवन्या, मारवेल, गोंधळी अशा देशी गवतांचें बीं धरावयाचें आणि पुढील मृगाच्या पावसाबरोबर पेरावयाचें. एकाच जातीचें बीं पेरून हिरवेंगार रान दाखविणारेहि भेटतात. माझ्या मतें तें कुरण नव्हे, तें पुन्हां शेतच झालें.

येथें कुसळी गवताचें थोडें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. याच्या दाण्यास लांब, पिळदार कुसळ असतें. हवा ओली झाली कीं पीळ सुटतो, सुकली कीं पुन्हां बसतो. आणि या गिरक्यांनीं टोकदार दाणा मळसूत्रासारखा आपला आपण मातींत शिरतो. ताजा दाणा बहुधा रुजत नाहीं. एक उन्हाळा त्यानें खावा लागतो. धोतरास चिकटतें म्हणून आपण ज्यास शिव्या देतों, तें हें ईश्वरी पाभर!

इंग्लंड व वेल्समध्यें १९३० नंतरच्या सुमारें अर्धशतकांत फुलझाडांनीं समृद्ध अशीं जवळजवळ ९७ टक्के कुरणें नष्ट झालीं. तेथें आतां जुन्या कुरणांतील गवत बीं पिकतांच कापतात व तें ओलेंच नव्या जागीं पसरतात. खत मात्र घालीत नाहींत. कारण सकस मातींत दोन-चार दांडगीं गवतें बाकीच्यांस दाबून टाकतात.

पेरणीनें काम संपत नाहीं. पूर्वीं गांवचीं गुरें चरत, दसऱ्यानंतर विळे चालत, गंज्या रचल्या जात. त्यामुळें झुडपांस डोकें वर काढतां येत नसे. तीं गुरें गेलीं, ते विळेहि गेले. हें सारें जाणणारीं वयस्क माणसें आज खालच्या तालुक्यांतील वसाहतींत आहेत. त्यांनीं घरदार सोडलें तें रानासाठीं. त्या जागीं घाणेरी माजूं दिली तर त्यांस आपण काय सांगणार? बीं वेंचण्याचें व तण काढण्याचें काम आणि त्याची मजुरी प्रथम त्यांच्या हातीं जावी, असें माझें स्पष्ट मत आहे. बीं धरण्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास लागतो आणि वाऱ्यावर दाणे झडून जाण्यास फार दिवस लागत नाहींत. तेव्हां बोलावणें तत्पूर्वींच धाडावें लागेल.