खोक्यावरचे वॅट

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार बोनसच्या पैशातून घरी होम थिएटरचा रिसीव्हर आणतो, तो खोक्यावरचे ‘१००० वॅट’ वाचून. आम्ही युनियनची माणसे पगारपत्रक वाचणारी. आमचा पहिला सवाल, कापून हातात किती? तोच येथे करावा. असला आकडा पुष्कळदा एकाच चॅनेलवर, एकाच सुरावर, १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला असतो. दोन चॅनेल एकदम चालवून २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत किती मिळतात, ते माहितीपत्रकात पाहावे. चाळीतल्या खोलीस चॅनेलमागे ५० खरे वॅट रग्गड झाले. शेजाऱ्याची रात्रपाळी असेल तर तेही फार!

रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला, तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. प्लग काढून स्पीकरच्या तारा तपासाव्यात. तांब्याचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला शिवला, की यंत्र स्वरक्षणार्थ काम थांबवते. (संपच म्हणा ना!) ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर लावल्यास प्रवाह दुप्पट ओढला जातो, तेव्हाही हेच घडते. शिवाय चिकलठाण्याच्या वेधशाळेत मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. अशा दिवसांत यंत्र बंद कपाटात कोंडू नये. एवढ्यानेही भागले नाही, तर सगळे स्पीकर सोडवावेत आणि दर वेळी प्लग काढून एकेक जोडून पाहावा. ज्याच्यापाशी यंत्र पुन्हा थांबेल, दोष त्या स्पीकरात किंवा त्याच्या तारेत.