साबणाचा साचा, आपल्याच हातांनी

(महासंघाच्या मासिक बैठकीत केलेलं मार्गदर्शन, सभासदांच्या आग्रहावरून इथे देत आहोत.)



साबणाचं प्रशिक्षण आपल्यापैकी बऱ्याच जणींनी घेतलंय. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती, हे तुमच्या वहीत आहे. आज मी त्यावर बोलणार नाही. ढवळून झालेलं मिश्रण ओतायचं कशात, एवढंच बोलणार आहे. प्रश्न लहान वाटतो, पण गटाचा नफा आणि गटातला सलोखा, दोन्ही त्यात अडकलेलं असतं.

कसं ते बघा. कुणी वाटीत ओततं, कुणी प्लास्टिकच्या डब्यात. वड्या निघतात त्या एक जाड, एक पातळ. बाजारात मांडल्या की गिऱ्हाईक दोन्ही हातांत घेऊन तोलतं, मोठी उचलतं आणि लहान मागं ठेवतं. किंमत मात्र एकच. मग उरलेल्या वड्या कुणाच्या हातच्या, यावरून बैठकीत कुरबुर! शिवाय वेष्टनावर वजन छापावं लागतं. छापलं तेवढं भरलं नाही, तर ते वजनमापाच्या नियमात बसत नाही. म्हणजे वडी सारखी हवी, आणि त्यासाठी साचा सारखा हवा.

साचा आपल्याला नवा नाही. वीट पाडायला लाकडी साचाच लागतो. साबणालाही लाकूड चांगलं, कारण ते ऊब धरून ठेवतं. ओतल्यानंतरही मिश्रण आतल्या आत तापत असतं. ती ऊब टिकली की साबण सगळीकडून सारखा जमतो. अॅल्युमिनियमचा डबा किंवा ट्रे मात्र कधीही वापरू नका. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो, त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि साबणही वाया जातो.

आता माप लिहून घ्या. १२ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड घ्या. सुताराकडे उरलेले तुकडे मिळाले तरी चालतील. भुशाचा दाबलेला बोर्ड नको, तो ओल लागली की फुगतो. पाच तुकडे कापायचे:

तळ, १ तुकडा: ३० × ७.५ सेंटिमीटर.
टोकाच्या फळ्या, २ तुकडे: ७.५ × ८.२ सेंटिमीटर.
लांब बाजू, २ तुकडे: ३२.४ × ८.२ सेंटिमीटर.

तळाच्या दोन्ही टोकांना टोकाच्या फळ्या लावा आणि मग एक लांब बाजू. स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर प्लायवूड चिरतं. दुसरी लांब बाजू पक्की करू नका, ती नुसती टेकवून ठेवायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन गोल पट्टे कापून ते सगळ्या पेटीवरून घट्ट चढवा. साबण काढायच्या वेळी पट्टे काढले की ती बाजू सुटते आणि लादी अलगद बाहेर येते. ठोकावं लागत नाही, कोपरे तुटत नाहीत.

पेटी काटकोनात आहे का, हे बघायला गुण्या नसला तरी अडत नाही. एक सुतळी घ्या. या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरा तिरका मोजा. दोन्ही सारखे भरले तर पेटी सरळ आहे. कमी-जास्त भरले तर स्क्रू सैल करून नीट करा.

आतून सँडपेपर मारा, पण रंग किंवा वॉर्निश लावू नका. दर वेळी आत बटर पेपर किंवा जाड प्लास्टिकचा कागद घाला, एक उभा आणि एक आडवा. दोन्हींची टोकं बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे धरून उचलता येतं. कागदाला सुरकुती पडली की साबणालाही पडते.

आता या पेटीत किती तेलाचा साबण बसेल? आतली लांबी, रुंदी आणि भरायची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा. आलेल्या आकड्याला ०.७ ने गुणा. उत्तर साधारण तेवढे ग्रॅम तेल. आपल्या पेटीत ३० × ७.५ × ६.५ म्हणजे सुमारे १,४६२ येतात. त्याला ०.७ ने गुणलं की साधारण १ किलो तेल. वर अर्धा सेंटिमीटर मोकळा राहतो, तो सांडू नये म्हणून. पेटी वेगळ्या मापाची असली तरी हिशेब हाच. तेल बदललं तर सोड्याचं प्रमाणही बदलतं, तेव्हा ते तक्त्यात बघून काट्यावरच तोला. वाटीनं किंवा अंदाजानं कधीही नको.

मिश्रण ओतलं की पेटी टेबलावर हलकेच आपटा, हवेचे बुडबुडे निघतात. वर फळी ठेवून पोत्यानं झाका. एक दिवस हलवू नका. लादी बर्फीसारखी घट्ट झाली की कापायची. दर अडीच सेंटिमीटरला एक काप, म्हणजे बरोबर १२ वड्या.

काप सरळ यावा म्हणून तळ आणि दोन लांब बाजू घेऊन दुसरी एक पेटी करा. हिला टोकाच्या फळ्या नकोत आणि दोन्ही बाजू पक्क्या हव्यात. त्या बाजूंना समोरासमोर, दर अडीच सेंटिमीटरवर, करवतीनं तळापर्यंत खाचा पाडा. लादी आत ठेवायची आणि दोन काड्यांना बांधलेली बारीक स्टीलची तार खाचांतून खाली ओढायची. मग कापणारी कुणीही असो, वडी सारखीच निघते. वड्या सावलीत, वारा लागेल अशा चार ते सहा आठवडे ठेवा. पाणी उडून वजन घटतं, म्हणून वेष्टनावरचं वजन वाळल्यानंतर तोलूनच ठरवा.

दोन गोष्टी बजावून सांगते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय सोड्याला हात लावायचा नाही. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. भरलेली पेटी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. त्यातलं मिश्रण पहिल्या दिवशी कातडी भाजतं. अंगावर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा. दुसरं म्हणजे, साबण विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ते काम आधी, विक्री नंतर.

कुणी म्हणेल, करवत चालवणं हे काय बाईचं काम! विळी चालते, कोयता चालतो, मग करवतीनंच काय घोडं मारलंय? सुतारदादांकडून पहिली पेटी शिकून घ्या, दुसरी आपण करू. झालेला साचा गटाच्या साठा नोंदवहीत चढवा आणि कुणाच्या घरी, किती दिवस, तेही लिहा. वस्तू गटाची आहे, हे कागदावर असलं की पुढे बोलणं होत नाही. वापरून झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. पाण्यात भिजत टाकू नका.

पुढच्या बैठकीत आपण इथंच दोन पेट्या ठोकणार आहोत. प्रत्येक गटातून दोघींनी यावं, येताना मोजपट्टी, पेन्सिल आणि घरातली सायकलची जुनी ट्यूब आणावी. प्लायवूड आणि करवतीची सोय महासंघ करेल.