भोरघाटापासून जबलपूरपर्यंत

खमरियात आमचे बालपण भोंग्याच्या तालावर गेले. जबलपूर शहराच्या कडेला, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वसाहत वसली. कोणी नागपूरकडचे, कोणी खानदेशातले, कोणी थेट कोकणातून आलेले. मराठी घरांची संख्या त्यांत बरीच होती. माझे वडील तपासणी खात्यात होते. कारखान्याच्या आतले ते घरी काही बोलत नसत. तो तेथील नियमच होता. मात्र एक गोष्ट त्यांनी आम्हां मुलांना समजावून दिली होती, ती गेजची. लोखंडाचा एक तुकडा, त्याला दोन तोंडे. तपासायची वस्तू एका तोंडातून सहज आत गेली पाहिजे आणि दुसऱ्या तोंडातून जाता कामा नये. एवढ्यावर वस्तू पसंत किंवा नापसंत. वडील म्हणत, “हे काडतूस बनवणारा माणूस आणि बंदूक बनवणारा माणूस एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. त्यांच्या वतीने गेज बोलते.”

या वाक्याचा खरा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी लागला, आणि तो कारखान्यात नव्हे, जबलपूरच्या स्टेशनावर लागला.

८ मार्च १८७० रोजी या जबलपुरात दोन लोहमार्ग एकमेकांना मिळाल्याचा समारंभ झाला. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, जिला आपल्या आजोबा-पणजोबांनी जी. आय. पी. म्हटले, ती पश्चिमेकडून आली होती. कलकत्त्याहून निघालेल्या ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादहून फुटलेली शाखा १८६७ सालीच येथवर येऊन थांबली होती. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिंबरो समारंभास आले होते. मुंबई ते कलकत्ता, दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट, आता सलग रुळांवरून जाऊ लागली.

हा दिवस जगाच्या इतिहासात कोठे बसतो तेही पाहण्याजोगे आहे. मे १८६९ मध्ये अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत जबलपूरची ही भेट. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवरचे तीन मोठे अडसर दहा महिन्यांत दूर झाले. फ्रेंच लेखक जूल व्हर्न याने १८७२ मध्ये ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची कादंबरी लिहिली, तिला हीच पार्श्वभूमी होती. गंमत अशी की त्या कादंबरीत नायकाची गाडी अलाहाबादच्या अलीकडेच थांबते, पुढे रूळच नाहीत असे त्याला सांगण्यात येते आणि बिचारा हत्ती विकत घेतो! वस्तुतः तोपर्यंत जबलपूरवरून गाड्या धावू लागून दोन वर्षे झाली होती. पण हत्तीवाचून हिंदुस्थान दाखवायचा कसा, हा लेखकापुढचा प्रश्न असावा. असो.

दोन निरनिराळ्या कंपन्या, त्यांचे इंजिनिअर वेगळे, कंत्राटदार वेगळे, आरंभाची ठिकाणे देशाच्या दोन टोकांना. तरीही जबलपुरात रूळ रुळाला भिडला, कारण दोहोंतील अंतर दोन्हीकडे साडेपाच फूटच होते. हे माप लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत ठरले, तेव्हा देशात एकही प्रवासी गाडी धावत नव्हती. इंग्लंडमध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी मापे धरल्यामुळे माल एका गाडीतून दुसरीत चढवताना काय हाल होतात ते डलहौसीने पाहिले होते. पुढे आपल्याकडेही मीटर गेज आणि नॅरो गेज आलेच आणि ते हाल आपणही भोगले. परंतु या मुख्य मार्गाला ती बाधा झाली नाही. वडिलांच्या त्या दुतोंडी लोखंडी तुकड्याची मला आठवण झाली ती येथे.

परंतु श्रोतेहो, माप सारखे असणे ही कागदावरची सोय झाली. मुंबईहून जबलपूरकडे निघालेल्या रुळांपुढे कल्याण सोडताच सह्याद्री उभा होता.

कल्याणपासून मार्गाला दोन फाटे फुटतात. एक भोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा थळघाट चढून इगतपुरी, भुसावळ, खंडवा, इटारसी करीत आमच्या जबलपूरला येतो. लहानपणी उन्हाळ्यात आजोळी पुण्याला जाताना आम्ही कलकत्ता मेलने कल्याणपर्यंत येत असू आणि तेथे गाडी बदलत असू. त्यामुळे एक घाट उतरायचा आणि दुसरा चढायचा, असा दुहेरी लाभ आम्हांस होई. गाडीच्या मागे जादा इंजिने लागली की आई डबा उघडून दशम्या वाटी. घाट आणि दशम्या यांचे नाते माझ्या मनात आजही तुटलेले नाही.

या दोहोंपैकी भोरघाटाचे काम आधी सुरू झाले आणि आधी संपले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. १८५६ च्या आरंभी कामास हात घातला गेला. जेमतेम सोळा मैलांत १८३१ फूट चढायचे होते. चढ काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका उभा. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल. एके ठिकाणी तर डोंगराच्या सोंडेवर रुळांना वळायलाही जागा उरली नाही. तेव्हा असे ठरले की गाडीने त्या सोंडेवर जाऊन थांबावे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावे आणि गाडीने उलट्या दिशेने पुढचा चढ चढावा. डोंगर चढणारा बैल नागमोडी जातो, तीच युक्ती. थळघाटातही असेच स्थानक होते. भोरघाटातले स्थानक १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर बंद पडले.

आता हे बोगदे खणले कशाने? डायनामाइटचा शोध १८६७ चा; भोरघाट त्याच्या चार वर्षे आधी पुरा झाला. म्हणजे हाती होती ती जुनी काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळसा. दारूगोळ्याच्या वसाहतीत वाढलेल्या मला हे नुसते ऐकूनही अंगावर काटा येतो. काळ्या कातळात एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, हात-दीड हात खोल भोक पाडायचे, त्यात दारू भरून वर माती ठासायची, वात लावायची आणि पळायचे. पळायला जागा असेल तर! कारण कित्येक ठिकाणी पाय ठेवण्यापुरताही कडा नव्हता. तेथे माणसांना कमरेला दोर बांधून वरून खाली सोडीत आणि ती लोंबकळत भोके पाडीत. आमच्या कारखान्यात साध्या आगपेटीवरही केवढा पहारा असे, हे पाहिलेल्या माणसाला त्या दोराची किंमत कळते.

कामावर माणसे किती होती? १८६१ च्या आरंभी ४२,००० च्या घरात. घाटावरचे आणि कोकणातले शेतकरी सुगी आटोपून येत, पावसाळ्यात परत जात. दगड-मातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार आपल्या बायकामुलांसह येत. डोंगरात पुरेसे पाणी नाही, राहायला झोपड्या, त्यांत पटकीची साथ. दारूने आणि दरडीने मारली त्यांहून किती तरी अधिक माणसे रोगाने नेली. मृतांची संख्या हजारांनी मोजावी लागते. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीचे पैसे मिळत नाहीत म्हणून मजूर उठले, दंगल झाली आणि तीत एक युरोपियन मारला गेला. मधल्या हातांनी मजुरी अडकवली होती. पुढच्या वर्षी सरकारने मालक-मजूर तंट्यांचा निकाल लवकर लागावा म्हणून कायदा केला. पण त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद ठेवली. न्याय आणि बेडी एकाच कागदावर!

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच आजाराने दगावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने परतीची बोट न धरता कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन व्यवस्थापकांकरवी ते पुरे केले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले तो दिवस पाहायला उरले नव्हते. आदल्या वर्षी ऑगस्टात, खालावलेल्या प्रकृतीने, ते इंग्लंडात वारले होते.

आणि काम निर्दोष होते असेही नाही. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. तो पुन्हा बांधावा लागला. अशा वेळी मोठमोठ्या नावांची भव्यता थोडी कमी होते, आणि चुना कालवणाऱ्या, चिरा बसवणाऱ्या हाताकडे लक्ष जाते.

ते हात कोणाचे होते? बर्कले, फॅव्हिएल, ट्रेडवेल ही नावे पुस्तकांत आहेत. ४२,००० मधले एकही नाव मला कोणत्या पुस्तकात भेटले नाही. मात्र खोपोलीजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एक लहानसे देऊळ आहे, शिंग्रोबाचे. साहेबांना घाटातून वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली आणि साहेबांनी त्याचा जीव घेतला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. ती रस्त्याची की रुळांची यावर सांगणारे एकमत होत नाहीत. इतिहास म्हणून तिला पुरावा मागता येणार नाही. तरी घाटाखालच्या लोकांनी या साऱ्या खटाटोपातून देव्हाऱ्यात बसवला तो हा एकच माणूस, आणि येणारेजाणारे त्याच्यापुढे नाणे टाकतात.

पुढे १९०० च्या सुमारास मुंबई-कलकत्ता प्रवासाला नागपूरवरून अधिक जवळची वाट झाली आणि जबलपूरचा मान थोडा उणा झाला. खमरियाचा कारखानाही २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. तिचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. म्हणजे खमरियाचे कागद आता घाटावरच्याच गावी जातात. मीही अधूनमधून त्या वाटेने जाते. भोरघाटात गाडी शिरली की जुन्या सवयीने बोगदे मोजू लागते, आणि दरवेळी कोठे तरी, दशमीचा डबा उघडण्याच्या नादात, मोजणी चुकते.