घरचं बी, घरची मिरची

(शिरूर-दौंडच्या वस्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दाव्यांचं बोलणं झालं. आता आम्ही मिरचीचं बोलणार आहोत. हसू नका. बागायतदाराच्या रानात आपण दिवसभर वाकून मिरची तोडतो आणि आठवड्याच्या बाजारात तीच मिरची पैसे मोजून घेतो. भाकरीवरचा ठेचा तरी घरचा नको का?

आपलेच लोक म्हणतात, दावा मंजूर झाल्याशिवाय काही लावायचं कशाला, उद्या उपटून टाकतील. भीती खरी आहे. पण दावा पडून राहतो, पोट थांबत नाही. इकडचं जंगल म्हणजे गवताळ माळ, हिवर, बोरी, बाभळी. पावसाचा भरवसा नाही. म्हणून एकरभर नाय, दाराशी दहा-बारा झाडं लावा. भांडी विसळलेलं पाणी पुरतं, साबणाचं तेवढं घालू नका.

बियाचं नीट ऐका, कारण आम्ही इथंच फसलो. दुकानातून संकरित बी आणलं, मिरची झकास आली, म्हणून तिचंच बी धरलं. पुढच्या साली एक झाड उंच, एक बुटकं, एकाची मिरची लांब, दुसऱ्याची बोटाच्या पेराएवढी. संकरित बी पुढच्या पिढीत असं फुटतंच, आम्हाला माहीत नव्हतं. आपल्या म्हाताऱ्या बायांच्या गाडग्यात अजून गावरान लवंगी आहे, ती मागून घ्या. निरोगी झाडावर लाल झालेली मिरची निवडा, बी सावलीत वाळवा, राखेत घोळून कोरड्या मडक्यात ठेवा. बियाचं झाड दुसऱ्या जातीपासून लांब लावा, नाहीतर माश्यांमुळं जात मिसळते. आणि बी काढलेला हात डोळ्याला लावू नका!

मे सरता सरता दहा बिया ओल्या फडक्यात बांधून बघा. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं. तेलाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडा, मातीत कुजलेलं शेणखत मिसळा, बी नखाएवढं खोल टाका. आठ-बारा दिवसांत उगवतं. पाणी फार झालं की रोप बुडातून कुजून मान टाकतं. साधारण सहा आठवड्यांनी, ऊन उतरल्यावर, दीड-दोन फुटांवर लावा. पानं आकसायला लागली तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. फारच आकसलेलं झाड उपटून टाका.

घरचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं दिला आहे. फक्त ब्रँडच्या पाकिटात घालून विकता येत नाही.

मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नका, यंदाची मिरची दाव्याला पुरावा होत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक दाखवावी लागते. त्याला जुना बांध, घराचा चौथरा, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब असे किमान दोन पुरावे लागतात. ते जबाब राहिलेल्या वस्त्यांनी आधी ते काम उरका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीनं गावरान बियाची पुडी आणावी, वर वस्तीचं नाव लिहावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघायच्या आधी आपली झाडं शेजारणीच्या हवाली करावीत, लाल मिरच्या तीच उतरवून ठेवील.