शिवलं कोण आणि नेलं कोणी?



माझं काम सॉफ्टवेअरचं, पण आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. मराठीच्या तासासारखं पाच मिनिटं ऐकून घ्या.

इंग्रजीत ‘सॅक्रिलेज’ म्हणजे पावित्र्याची विटंबना. बरेच जण तो ‘रिलिजन’वरून आला असं समजून स्पेलिंग चुकवतात. मूळ लॅटिन शब्द ‘साक्रिलेगियुम’. ‘साकेर’ म्हणजे पवित्र, ‘लेगेरे’ म्हणजे गोळा करणं, उचलणं. थोडक्यात, देवाची चोरी. इ.स.पू. ७० मध्ये सिसिलीचा रोमन सुभेदार वेरेस याच्यावर खटला झाला. त्यासाठी सिसेरोने लिहिलेल्या भाषणांत देवळांतून पळवलेल्या मूर्तींची भली मोठी जंत्री आहे.

आपल्याकडचा शब्द ‘विटाळ’. त्यात काय नेलं हे कोणी विचारत नाही. शिवलं कोण, एवढंच विचारतात. आम्हा मुलींना महिन्याचे चार दिवस देवघरापासून लांब ठेवलं ते याच शब्दाने. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, तेही यामुळेच.

आमच्या कामात आत कोण आलं आणि कोणी काय पुसलं, या नोंदी वेगळ्या ठेवतात. नुसतं आत येण्याने काही बिघडत नाही.

हा फरक भोर-वेल्ह्यातल्या जुन्या माणसांना लॅटिन न शिकताही कळला होता. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देवी कोपते, असं ते सांगत. त्या धाकानेच शिरकोलीच्या शिरकाईची राई टिकली. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी अशा रायांत जुनी झाडं, गारंबीचे वेल आणि झरे राहिले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगाला सांगितलं.

आता गावोगावी जीर्णोद्धार निघालेत. काही ठिकाणी सभामंडपासाठी राईतलीच झाडं पडतात. तेव्हा ‘विटाळ’ हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. खरं तर देवाचं काही गेलं असेल, तर ते तिथेच.

आपल्यापैकी बहुतेकांकडे गावाहून वर्गणीचा निरोप येतो. वर्गणी जरूर द्या. देण्याआधी दोनच गोष्टी विचारा. झाडं किती जाणार? आणि देवळात कोणाला मनाई आहे का? ‘एकही नाही’ आणि ‘कोणालाच नाही’, अशी उत्तरं आली की पावती फाडा.